गाठीपुरता पदर

भटजींनी शेल्याचं टोक शालूच्या पदराला बांधलं, आत सुपारी आणि हळकुंड सारलं, दोन्ही हातांनी गाठ करकचून ओढली, आणि बायकांच्या घोळक्यात बसलेल्या मालनबाईच्या तोंडून निघून गेलं, "हळू!"

शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

"नवरीले लागन म्हनते," मालनबाई म्हणाली.

नवरीला लागण्यासारखं तिथं काही नव्हतं. लागत होतं ते जरीला. पण तसं म्हणायची सोय नव्हती, कारण शालू हैदराबादेहून आणलेला होता. निदान नवरीचे वडील सुधाकरराव पटेल सकाळपासून तसं सांगत होते. प्रत्यक्षात तो चार गल्ल्यांपलीकडून, मालनबाईच्या मागच्या दारातून, किरायानं आलेला होता. सरकारनं पटेलकी बंद केली त्याला चार वर्षं झाली होती. पण ही बातमी सुधाकररावांच्या चालण्यापर्यंत अजून पोचली नव्हती. अशा माणसाच्या घरी किरायाचा शालू नेसतात हे मुधोळात कुणाला कळलं असतं, तर मुधोळ दोन वर्षं दुसरं काही बोललं नसतं. म्हणून त्यांनी बायकोकरवी मालनबाईकडून बासरच्या देवीची आण घेतली होती.

आता नवरदेवाचा कोट आणि शेला. नवरदेवाचे वडील उत्तमराव तलमडुगूचे, कापसावर वाढलेलं घर. दोन बस बदलून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून, तेही महिन्यापूर्वी मालनबाईच्या मागच्या दाराशी आले होते. लांबचं दुकान म्हणजे गुप्त दुकान, हा त्यांचा हिशेब. आण त्यांनीही घेतली होती, आणि तीही बासरच्याच देवीची.

थोडक्यात, मालनबाईच्या एका शालूचं तिच्याच एका शेल्याशी लग्न लागत होतं, आणि भर मांडवात ही गोष्ट फक्त तिला ठाऊक होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला. पण नागोराव पलीकडे जिलबीच्या पातेल्याजवळ उभा होता, त्यामुळं त्याच्याकडून धोका नव्हता.

अक्षता पडल्या. मालनबाई उठली, नवरीजवळ गेली, आणि धंद्याच्या रीतीप्रमाणं तिनं पदर दोन बोटांत धरून चार बायांना ऐकू जाईल असं विचारलं,

"अगं बाई, काय शालू हाये! कुठून घेतला, भागाबाई?"

"हैदराबादहून," नवरीची आई भागाबाई म्हणाली. तिनं मालनबाईच्या डोळ्यांत मात्र पाहिलं नाही.

"तरीच!" मालनबाई म्हणाली, आणि बोलता बोलता जरीचा एक निसटलेला धागा तिनं अंगठ्यानं आत दाबून टाकला.

आपलाच माल न ओळखणं हा तिच्या धंद्याचा पहिला नियम होता. पाच वर्षांपूर्वी नागोरावानं शिवलेला एक लग्नाचा कोट दुकानात पडून राहिला, कारण त्या कोटाचं लग्न मोडलं. कुणीतरी तो एका दिवसासाठी मागितला. नागोराव फुकट देत होता. मालनबाईनं वीस रुपये घेतले. मागणाऱ्यानं ते इतक्या आनंदानं दिले की ती रात्रभर विचार करत राहिली. दुकानात ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायांच्या गोष्टी ती ऐकत आलेली होती. नातलगाकडून मागून आणलेलं लुगडं दुसऱ्या दिवशी परत जातं. पण त्याचं बोलणं पंचवीस वर्षं येत राहतं. बारशाला येतं, तेराव्याला येतं. किरायाच्या कपड्याला मात्र तोंड नसतं. वीस रुपयांत एवढी शांतता मुधोळात दुसरीकडे मिळत नव्हती.

मग कोट एकाचे तीन झाले. शिवणीच्या आत चार-चार बोटं कापड सोडलेलं, म्हणजे एकच कोट पैलवानालाही बसावा आणि मास्तरालाही. भिशीची चिट्टी लागली तेव्हा तिनं नांदेडहून एक डाळिंबी शालू आणला. नऊवारी होता, जुन्या पद्धतीचा, म्हणून दुकानदारानं पडत्या भावात दिला. गिऱ्हाइकाला ती बारा प्रश्न विचारायची. नवरीची उंची, हळद कधी, मांडवावर पत्रे की कापड, जेवणात वांग्याचा रस्सा आहे का. रस्सा असेल तर नवरीला आधी जेवू घालायचं, साध्या लुगड्यात. पाच वर्षांत एक डाग पडला नव्हता. दारावरची पाटी मात्र 'नागोराव टेलर' एवढंच सांगत होती, आणि किरायाची सगळी गिऱ्हाइकं मागच्या गल्लीतून, भिंतीला धरून येत होती.

सगळी म्हणजे एक सोडून. आठवड्यापूर्वी बयनाबाई आली होती. गावाबाहेर तिचा भाजीचा मळा. डोक्यावर वांग्यांची टोपली, आणि ती सरळ बाजारातून पुढच्या पायऱ्या चढून आत.

"मालनबाई, तुमी लग्नाचा शालू किरायानं देता म्हने. माह्या लेकीसाठी, राहीसाठी पाह्यजे. गुरवारचं लगन हाये."

बाहेर पानवाल्यानं चुना लावता लावता हात थांबवला होता. मालनबाईनं घाबरून मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

"तिकडून काऊन येऊ? चोरी थोडीच करून राह्यली मी?" बयनाबाई म्हणाली होती, आणि टोपली खाली ठेवून दोन वांगी काढून दिली होती. "हे इसार समजा."

"गुरवारी सकाळी शालू तुमच्या दारात येईल," मालनबाईनं शब्द दिला होता. पाच वर्षांत धंद्याला धंदा समजून आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक होतं. ती गेल्यावर मालनबाई बराच वेळ त्या वांग्यांकडे पाहत बसली होती.

आज सोमवार होता. पटेलांचं कपडे परत करायचं बोलणं मंगळवारी संध्याकाळचं होतं. सगळं जुळत होतं.

पंगतीत नवरदेवाची आई बुंदीचा घास घेत शेजारणीला म्हणाली, "आमच्यात गाठ घरी नाई सोडत. जोडप्याचे कपडे तसेच बांधलेले माहूरगडावर न्यायचे. रेनुकामायपुढं नेसायचे अन् तिथंच गाठ सोडायची. आता शुक्रवारीच जातो, देवीचा वार हाये."

मालनबाईचा हात पत्रावळीवर तसाच राहिला. बारा प्रश्न तिनं विचारले होते. तेरावा विचारला नव्हता.

समोर नवरी बसली होती, पटेलांची रुख्मिणी. तिनंही मान वर केली. दोघींची नजरानजर झाली, आणि रुख्मिणीनं मान पुन्हा खाली घातली.

*

"अवो, शुक्रवार म्हनते ती," घरी आल्यावर मालनबाई म्हणाली.

"मंग?" नागोराव मशीनला तेल घालत होता.

"गुरवार शुक्रवारच्या आधी येते."

नागोरावानं क्षणभर विचार केला. "हाव, येते," तो म्हणाला.

"दुसरा शालू हाये का आपल्याजोळ?"

"असता तं मीच नेसलो असतो," नागोराव म्हणाला. पण बायकोचा चेहरा पाहून त्यानं तेलाची कुपी खाली ठेवली. "बयनाबाईले सांगून दे. उंदरानं कुरतडला म्हना. गरीब बाई हाये, समजून घेईन."

"पाच वर्सांत एक बाई पुढच्या दारानं आली. तिलेच खोटं सांगू?"

 उत्तर नसलं की नागोराव पायडल मारायचा. त्यानं कापड न लावताच मशीन चालवली.

"मंग पटेलाले माग जाऊन."

"वऱ्हाडाच्या देखत? आन घेतली हाये मी. दोन्हीकडची."

देवीच्या दोन शपथा आणि बयनाबाईला दिलेला एक शब्द, असा तो तिढा होता. कुठलंही एक धरलं तर दुसरं सुटत होतं.

*

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मागच्या दाराची कडी वाजली. दारात सुधाकरराव पटेल होते. आजवर त्यांनी या गल्लीत बायकोलाच पाठवलं होतं; स्वतः ते पहिल्यांदाच येत होते, आणि येताना धोतर दोन्ही हातांनी वर धरून आले होते, जणू गल्लीत पाणी भरलंय.

"मालनबाई, ते पार्सल शनवारपर्यंत राहू द्या."

"पटेल, गुरवारी दुसऱ्याले..."

तेवढ्यात गल्लीत आणखी पावलं वाजली. पटेलांनी इकडे तिकडे पाहिलं. दुकानात माप घ्यायच्या जागी एक पडदा होता, जुन्या चादरीचा. ज्या माणसानं अकरा गावांचा सारा वसूल केला, तो माणूस त्या पडद्यामागं शिरला.

काळा चष्मा लावलेले उत्तमराव आत आले.

"बाई, कोट अन् शेला शनवारपर्यंत ठेवतो. देवीचं काम हाये," ते हळू आवाजात म्हणाले. "पन व्याह्याले पत्ता लागू देऊ नका. लई मोठं घर हाये. शालूच पाहा न पोरीचा. हैदराबादचा! आमी म्हनजे त्यायच्यासमोर..."

पडद्यामागं डांबरगोळ्यांची टोपली होती. पटेलांनी पुष्कळ वेळ कळ काढली असावी. पण शिंक आली ती पटेलकीच्या काळातली शिंक होती, चादर हलली.

उत्तमरावांनी चष्मा काढला.

पटेल बाहेर आले. "बटन लावायले आलतो," ते म्हणाले.

उत्तमरावांनी व्याह्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. बटणं पाचही जागच्या जागी होती. मग त्यांनी मालनबाईकडे पाहिलं, मग पुन्हा व्याह्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हैदराबाद हळूहळू जवळ येत येत मुधोळात येऊन थांबलं.

"मी कोनाले काई बोलली नाई," मालनबाई म्हणाली.

 नागोराव सुईत दोरा ओवत होता. गेला पाव तास तो तोच दोरा ओवत होता.

"चांगला हाये शालू," शेवटी उत्तमराव म्हणाले.

"कोट बी बसला पोराले," पटेल म्हणाले.

लग्न ठरल्यापासून मानपानावरून या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. ते आता झालं, आणि एकदा झाल्यावर ते चांगलंच पक्कं निघालं.

"किती पाह्यजेत ते जास्तीचे घ्या," पटेल म्हणाले, "पन शनवारच. गुरवारी कोनाचं हाये लगन?"

"बयनाबाईच्या राहीचं."

"भाजीवालीच्या?" पटेलांचा जीव भांड्यात पडला. "मंग कायचं! तिले एखादं साधं लुगडं देऊन टाका."

मालनबाईनं हातातली टेप गळ्यात अडकवली. शिवणाऱ्या बाईनं टेप गळ्यात घातली की ती कामाचं बोलते, हे मुधोळात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पटेल, तुमाले एक शब्द देल्ला, तो पाळला. या पाव्हण्यायले देल्ला, तो बी पाळला. काल दिवसभर मांडवात बसून माह्याच शालूले मी हैदराबादचा म्हनलं. मंग तिचा शब्द काऊन मोडू? ती गरीब हाये म्हनून का पुढच्या दारानं आली म्हनून?"

"देवीच्या गाठीले हात लावनार हायेस का मंग?" पटेलांचा आवाज जुन्या पट्टीत गेला. "का तसाच बांधलेला नवरदेव नेतेस बयनाबाईच्या मांडवात?"

 मालनबाई देवीची होती. दर आश्विनात ती माहूरला पायी जाऊन येत होती. तिनं मान खाली घातली. आपण हरलो हे तिला कळलं. आता बयनाबाईच्या मळ्यावर जाऊन काय सांगायचं, त्याचे शब्द ती मनाशी जुळवू लागली, आणि एकही शब्द धड लागेना.

त्याच वेळी बाजारातून बँडचा आवाज आला. पाठवणीआधी जोडप्यानं मारोतीच्या देवळात जाऊन यायची रीत होती. बँड पुढं, मागं नवरा-नवरी, मागं भागाबाई आणि बायका. आवाज जवळ आला, दुकानासमोर आला, आणि पुढं जाण्याऐवजी तिथंच घोटाळला. कारण नवरी वळली होती. ती वाजंत्र्यांना सोडून सरळ दुकानाच्या पायऱ्या चढत होती. नवरदेवाचं देवळाकडे जायचं मन असावं. पण शेला बांधलेला असल्यामुळं त्यालाही यावं लागलं. संसाराचा त्याला तो पहिला अनुभव.

रुख्मिणी आत आली. वडील आणि सासरे दोघेही तिथं पाहून ती जरा थांबली. पण थांबली ती पदर सारखा करण्यापुरती.

"मालनमावशी, राहीचं लगन गुरवारी हाये," ती म्हणाली. "आमी सातवीपर्यंत एका बाकावर होतो. शालूचं मीच तिले सांगतलं होतं, तं ती मले म्हने, तुह्यामागून तोच शालू मी नेसनार. शालू तुमचा हाये, घेऊन टाका. पन सासूबाई म्हनतात गाठ माहूरलेच सोडायची. कसं करायचं ते तुमी पाहा. मले काई शिवता येत नाई."

ती हे मोठ्यानं बोलली असं नाही. पण बँड थांबलेला होता. पायऱ्यांवर दाटलेल्या अर्ध्या बाजारानं प्रत्येक शब्द ऐकला. पटेल चादरीच्या पडद्याकडे पाहत होते. मात्र आता तिथं जाऊन उपयोग नव्हता.

मालनबाई त्या गाठीकडे पाहत राहिली. डाळिंबी रेशीम आणि मोतिया शेला, मध्ये सुपारीचा उंचवटा. सुपारीएवढी गाठ, आणि तिच्यासाठी सहा वार शालू अडलेला. आणला तेव्हा तो नऊ वार होता. हल्लीच्या पोरी सहावारी नेसतात म्हणून आतल्या बाजूचे तीन वार तिनं पहिल्याच वर्षी कापून वेगळे काढले होते. कधी जळालं, फाटलं तर ठिगळाला असावेत म्हणून. तेच रेशीम, तोच काठ. पेटीत तळाशी होते.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "पेटीतला तुकडा काढा."

आणि तिनं कात्री उचलली.

नागोराव पेटीपाशी जाता जाता उभाच राहिला. "मालन, पदर हाये तो," तो म्हणाला.

"दिसून राह्यलं मले."

बावीस वर्षं ती कापड कापत होती. बेतायला वेळ लागायचा, कापताना कधी हात अडला नव्हता. आज अडला. तिनं एकदा डोळे मिटले, उघडले, आणि गाठीच्या अलीकडे चार बोटं सोडून शालूच्या पदराचा कोपरा कापला. जरीतून कात्री जाताना बारीक करकर आवाज झाला. पायऱ्यांवरची एक बाई "अयाई!" म्हणाली. मग मालनबाईनं पलीकडे चार बोटं सोडून शेल्याचं टोक कापलं.

"अवो, गाठ तोडली हिनं!" उत्तमराव म्हणाले.

"गाठीले कात्री लागली का? पाहून घ्या."

तिनं गाठ रुख्मिणीच्या तळहातावर ठेवली. एकीकडे डाळिंबी टोक, एकीकडे मोतिया, मध्ये जशीच्या तशी करकचून बसलेली गाठ. सगळ्यांनी वाकून पाहिली. उत्तमरावांनी पाहिली, चष्मा लावून पुन्हा पाहिली. काढण्यासारखी खोड तिच्यात नव्हती.

"हे न्या माहूरले. देवीपुढं सोडा, का बांधलेली ठेवा जलमभर. शालूचं हे टोक आता तुहं, बाई. ते परत करायचं नाई."

रुख्मिणीनं मूठ मिटली. पिशवीत ती साधी साडी घेऊनच आली होती. पडद्यामागं जाऊन नेसून आली. नवरदेवानं कोट उतरवला आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. कोट त्याला काखेत घट्ट होता, हे तो कालपासून कुणाला सांगू शकला नव्हता.

भागाबाई पायरीवर उभी होती. लेक जवळ आली तेव्हा तिनं तिची मूठ धरली, बोटं एकेक उघडली, गाठीकडे पाहिलं, आणि बोटं पुन्हा मिटून दिली.  मग बँड सुरू झाला.

*

बुधवारभर मालनबाई शिवत बसली होती. ठेवणीतल्या तुकड्यातून वीतभर कापड काढून तिनं पदराचा कोपरा भरला. पण पक्की शिवण घातली नाही, लांब लांब टाके घातले, एका ओढीत उसवतील असे. गुरुवारी उजाडताच ती शालू घेऊन मळ्यावर गेली. बयनाबाई वाफ्याला पाणी सोडत होती. हात पुसून तिनं शालू बाजेवर पसरला, आणि भाजी निवडणाऱ्या बाईच्या नजरेतून जोड थोडाच सुटणार.

"हे काय?"

"हे टोक राहीचं. शेला याले बांधायचा. लगन लागलं की दोरा ओढायचा. गाठीसंग टोक तिच्याजोळ राहीन. बाकीचा शालू मले आनून द्यायचा."

बयनाबाईनं टोक उलटसुलट करून पाहिलं. "याचा किराया येगळा?"

"याले किराया नाई. ते तिचंच."

"अस्सं." बयनाबाईनं टाक्यात नख घालून पाहिलं. "मंग जरा नीट शिवा नं. मांडवातच निंघून पडन."

मालनबाईनं तिथंच बाजेवर बसून आणखी चार टाके घातले.

पुढं काय झालं ते मुधोळाच्या सवयीप्रमाणंच झालं. आठ दिवस लोक पटेलांवर हसले. नवव्या दिवशी भैंशाहून एक माणूस आला, आणि पुढच्या दारात उभा राहून त्यानं विचारलं, नवरीला गाठ ठेवून घेता येते ते दुकान हेच का? त्याच्यामागून कुबीरचे आले. मग तलमडुगूकडचे आले, उत्तमरावांचं नाव सांगत. शालू किरायाचा आहे हे आता लपवायचं राहिलं नाही, कारण जे टोक लेकी पेटीत जपून ठेवत होत्या आणि शेजारणींना काढून दाखवत होत्या, ते दाखवताना बाकीचा शालू कुठं आहे हे सांगावंच लागत होतं. नागोरावानं हिशेब केला: तीन वारांत नवऱ्या किती? त्याचं उत्तर दर वेळी वेगळं आलं, पण पुष्कळ आलं. दुकानाची पाटी नव्यानं रंगवली गेली. वर 'मालनबाई' आणि खाली, नागोरावाच्या विनंतीवरून, थोड्या बारीक अक्षरात 'टेलर सुद्धा'.

दुकान त्या उन्हाळ्यात सुरू झालं, असं मालनबाई सांगते. आधीची पाच वर्षं ती धरत नाही.

आषाढात लग्नं नसतात. अशाच एका दुपारी ती शालूच्या घड्या बदलत बसली होती. तेवढ्यात पायऱ्यांवर सावली पडली आणि भागाबाई आत आली. स्टुलावर बसली. पाण्याचा तांब्या पुढं केला तो घेऊन तिनं हातातच धरला.

"कोनाचं लगन काढलं?" मालनबाईनं विचारलं.

"कोनाचंच नाई."

बाहेर ढगाळलं होतं. बाजारात माणूस कमी होता, तरी होता.

"मालनबाई, ते टोक नवरीलेच देता का?" भागाबाई म्हणाली. "माह्या लग्नात शालू नंदेचा होता. मांडवातून उठल्याबरोबर सोडून घेतला तिनं. तिच्या गावची गाडी निंघून राह्यली होती. गाठ तिनंच सोडली, उभ्याउभ्यानं. सुपारी बी पडली कुठंतरी." तिनं तांब्या खाली ठेवला. "एकतीस वर्सं झाले. अजून बोलते ती शालूचं."

 मालनबाईनं पेटी उघडली, तळातून डाळिंबी तुकडा काढला आणि मांडीवर पसरला. टेप गळ्यातच होती.

"किती घेऊ?"

"गाठ बसन एवढं."

कात्री लावता लावता मालनबाई थांबली. "भागाबाई, गाठीले दोन टोकं लागतात."

भागाबाईनं दाराकडे पाहिलं. पटेल बाहेर वरच्या पायरीवर उभे होते. छत्री मिटलेली, तोंड बाजाराकडे. पानवाल्यानं त्यांना पाहिलं होतं, हॉटेलवाल्यानं पाहिलं होतं, बसची वाट पाहणाऱ्या चार माणसांनी पाहिलं होतं. आणि पटेल त्या सगळ्यांकडे, एकेकाकडे, पाहून घेत होते.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. खांद्यावरचं उपरणं काढलं, आणि हात मागं करून त्याचं टोक दारातून आत धरलं.